सान इसिद्रोची लुझ

विचारलेल्या प्रश्नाला पॅसेंजरने तोंडाने उत्तर दिलं नाही की माझं डोकं फिरतं. एसटीत कंडक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, तरी ही खोड गेली नाही. त्यामुळे लुझची आणि माझी ओळख भांडणानेच झाली, यात नवल काही नाही.

मे महिन्यातली दुपार. राजूरच्या स्टँडवर गाडी लागलेली आणि मी तिकिटं देत मागे सरकत होते. मागच्या बाकावर एक बाई बसली होती. गोल चेहरा, आखूड केस, अंगावर कोरी साडी. पण ती दुसऱ्या कुणीतरी गुंडाळून दिली आहे हे लांबूनही कळत होतं. मी विचारलं, "जांभळदरा का?" तिने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया. म्हटलं, "अहो बाई, तोंड दिलंय ना देवाने?"

तेवढ्यात खाली बॅगा चढवत असलेला तिचा नवरा धावत वर आला. "ताई, ती व्हय म्हनतीय. त्यांच्या गावात व्हय असंच म्हनत्यात."

हा नवरा म्हणजे दत्तू, हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा. त्याला मी फोटोतून ओळखत होते, कारण जांभळदऱ्यात हौसाबाईंच्या घरचीच एक खोली मी भाड्याने घेतली होती. आमची गाडी मुक्कामी. दिवसभर फेऱ्या करून संध्याकाळी शेवटची राजूरहून डोंगरात जायची, रात्रभर वाडीत थांबायची आणि सकाळी पहिली फेरी घेऊन खाली उतरायची. ड्रायव्हर गाडीतच झोपायचा. मला ते कसं जमणार, म्हणून ही खोली. मी मूळची काष्टीकडची. ऊस, कांदा आणि जनावरांचा बाजार यांतच वाढलेली. भात शेतात कसा दिसतो हे मी नोकरी लागल्यावरच पाहिलं. म्हणजे त्या वाडीत मीही परकीच होते, फक्त मला मराठी येत होतं.

दत्तू दुबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता आणि पूर्वेकडच्या बेटांवरून आलेली लुझ त्याच हॉटेलच्या लाँड्रीत. तिथेच दोघांनी लग्न केलं. मग आईचे गुडघे धरले, वावर कुणी बघेना, म्हणून तो बायकोला घेऊन कायमचा परत आला. हौसाबाईंना ते दुबईतलं लग्न मान्य नव्हतं. सुनेवर राग नव्हता, पण स्वतःच्या डोळ्यांदेखत हळद लागली नाही ते लग्न कसलं, असा त्यांचा मुद्दा. म्हणून घरच्या घरी पुन्हा हळद लावली. ताटात तांदूळ पसरून सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, हिच्या नावाचा अर्थ काय? दत्तूने सांगितलं की लुझ म्हणजे उजेड. झालं, ताटात ज्योती लिहिली गेली. खरं तर तिचं पूर्ण नाव लुझविमिंदा. त्यांच्या देशाची मोठाली बेटं आहेत, त्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. आपल्याकडे एखाद्या मुलीचं नाव देश, कोकण आणि विदर्भ जोडून ठेवावं तसं. ज्योती हे नाव रेशनकार्डापुरतं राहिलं आणि वाडी तिला लुझच म्हणू लागली.

पण त्याआधी काही महिने तिचं नाव वेगळंच पडलं होतं, ते 'राब इजवनारी'.

झालं असं. डोंगरातल्या भाताला आधी रोप करावं लागतं. त्यासाठी उन्हाळ्यात वावराच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या आणि वर माती असे थर देऊन तो तुकडा पेटवतात. सावकाश धुमसत जमीन भाजली जाते, तण जळतं, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरतात. यालाच राब म्हणतात. लुझ येऊन आठवडाही झाला नव्हता. हौसाबाईंनी राब पेटवला आणि गुडघे शेकत बांधावर बसल्या. लुझ घरातून बघते तर वावराला आग लागलेली आणि सासू धुरात बसलेली. तिने काय करावं? घरात भरून ठेवलेले पाण्याचे हंडे एकामागून एक नेऊन राबावर ओतले. मे महिन्यातलं पाणी ते, खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. तिच्या गावात रोप चिखलात करतात. भाताच्या जागेला कुणी हौसेने काडी लावतं हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

राब विझला, पाणी गेलं, आणि हौसाबाई तोंडाला पदर लावून बसल्या. मी गाडीवरून आले तेव्हा मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन बघते तर हसतायत. म्हणाल्या, "कंडक्टरीनबाई, आग बघून पळाली न्हाई बगा. माज्याकडं पळत आली." त्या वर्षी अर्ध्या राबात भातापेक्षा तणच जास्त उगवलं आणि वाडीने त्यावरून तिला भरपूर छळलं.

लुझला छळलेलं कळायचं, पण लागायचं नाही. ती मराठी शिकली ती हौसाबाईंकडून, त्यामुळे बोलायची अस्सल डोंगरातलं. फक्त तिच्या भाषेत तो आणि ती असा फरकच नाही म्हणे. म्हणून तिच्या मराठीतली झाडून सगळी माणसं पुरुष. "आई दळायला गेला." "ताई आला, चहा ठेव." बायकांच्या घोळक्यात ती बोलायला लागली की पोरी खिदळायच्या. तीही खिदळायची आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच.

दुसरी सवय ओठांची. एखादी वस्तू दाखवायची तर ती बोट करायची नाही, ओठ पुढे काढून त्या दिशेला दाखवायची. विळा कुठे आहे? ओठ. दत्तू कुठे गेला? ओठ. वाडीतल्या पोरांनी आधी नकला केल्या, आणि मग नकला करता करता सगळ्यांनाच ते जडलं. हात शेणात किंवा चिखलात असले की किती सोयीचं पडतं, असं बायका म्हणायच्या. पुढे पुढे माझा ड्रायव्हरही वळणावर समोरून येणारी जीप मला ओठांनी दाखवायला लागला. मी मात्र हट्टाने बोटच दाखवत राहिले. कंडक्टरने ओठ काढून थांबा दाखवला तर पॅसेंजर काय म्हणतील?

आणि एक. घरातून बाहेर जाताना ती हौसाबाईंचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावायची. तिच्या गावात वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. पहिल्यांदा हौसाबाईंना वाटलं सुनेला ताप आलाय, म्हणून त्यांनी तिचं कपाळ चाचपून बघितलं. नंतर सवय झाली. लुझ चप्पल घालायला लागली की त्या आपणहून हात पुढे करायच्या.

पावसाळ्यात संध्याकाळी काम आटोपलं की आम्ही तिघी पडवीत बसायचो आणि लुझ तिच्या गावाच्या गोष्टी सांगायची. गावाचं नाव सान इसिद्रो. त्यांच्या देशात या नावाची गावं ढिगाने, आपल्याकडच्या वडगाव-पिंपळगावांसारखी. ती त्याला मुनिसिपालिटी म्हणायची, त्यामुळे आम्हाला वाटलं बाई चांगल्या मोठ्या शहरातली आहे. मग एकदा तिने मोबाईलवर फोटो दाखवले. मधोमध गवताचं पटांगण, एका बाजूला चर्च, समोर हिरव्या रंगाचं कचेरीचं घर, बाजूला चार दुकानं. बास्केटबॉलच्या मैदानावर भात वाळत घातलेला आणि खेळणारी पोरं एका कोपऱ्यात ढकललेली. बाकी सगळी खाचरं, आणि त्यांत विखुरलेल्या वाड्या.

फोटो बघायला किसनतात्याही होते. तात्या म्हणजे वाडीतले जुने जाणते. यांची एक तऱ्हा होती. समोरच्या माणसाकडे बघून ते कधी बोलायचे नाहीत. रस्त्याकडे तोंड करून बोलायचे आणि ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

"ही मुनिशिपालटी?" तात्या रस्त्याला म्हणाले. "हिच्यापरीस आपलं राजूर मोठं."

"मेयर हाय आमच्या गावाला," लुझ म्हणाली.

 राजूरला मेयर नव्हता. तात्यांनी रस्त्यालाच विचारलं, "काय करतो मेयर?"

"लग्नाला येतो. मयताला पन येतो."

"मंग आपल्या पुढाऱ्यावानीच की." तात्यांचं समाधान झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून लुझचा उल्लेख ते 'मेयरच्या गावची' असा करू लागले.

त्या गावाचं मूळ तिला तिच्या आजीने सांगितलेलं. फार पूर्वी तिथे गाव असं नव्हतंच. ज्याचं भात जिथे, त्याचं खोपट तिथे. मग स्पेनचे पाद्री आले. त्यांनी एक घंटा टांगली आणि फर्मान काढलं, हिचा आवाज जाईल तेवढ्यातच सगळ्यांनी राहायचं. आत राहील तो गावचा, बाहेर राहील तो रानटी. पण भाताला कुठे घंटा ऐकू येते? लोक रविवारी आत यायचे आणि सोमवारी पुन्हा आपापल्या खाचरात. पुढे नदीने गाव धुऊन नेलं, ते वर उंचावर नव्याने बसलं. घंटा रेड्यांनी ओढून वर आणली. मग युद्धात जपानी सैन्य आलं. धातू दिसला की उचलून नेत होते. तेव्हा गावाने घंटा उतरवून खाचरातल्या चिखलात पुरली आणि वर भाताची लावणी केली. सैनिक बांधावरून ये-जा करत होते आणि बायका घंटेवर उभ्या राहून गाणी म्हणत रोपं लावत होत्या. युद्ध संपल्यावर घंटा काढली ती थोडी चिरलेली होती. आजही तिचा आवाज बसका येतो, पण गावाने नवी घेतलेली नाही.

ही गोष्ट हौसाबाईंना इतकी आवडली की आपलं माणूस म्हणायचं तर त्या 'घंटेच्या आतलं' म्हणायला लागल्या. माझ्याबद्दलही एका पाहुणीला म्हणाल्या, "ही घंटंच्या आतली हाय." लुझने दुरुस्ती केली, "ताईकडं सोताची घंटा हाय." गाडी सोडायची तर मी दोरी ओढून दोनदा घंटी देते, त्याबद्दल बोलत होती.

लुझने येताना गावच्या संताची एक छोटी लाकडी मूर्ती आणली होती. संत इसिद्रो, शेतकऱ्यांचा संत. हातात नांगर, पुढे बैल. दत्तूला धाकधूक होती, आई देव्हाऱ्याशेजारी ठेवू देईल का म्हणून. हौसाबाईंनी मूर्ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "बैलं हायती व्हय? मंग आपलाच देव." लुझने सांगितलं की हा प्रार्थनेला बसला की देवदूत येऊन त्याचं नांगरायचं काम करायचे. हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी देवानं त्याची सावड केली म्हन की." पोळ्याला त्या लाकडी बैलांसमोरही पुरणपोळी ठेवली गेली.

सावड म्हणजे काय, हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. रोप उपटून खाचरात लावायचं काम म्हणजे आवणी. ती पावसाच्या चारदोन आठवड्यांत उरकावी लागते, आणि एका घराच्या हातून ती होत नाही. मग घरं एकत्र येतात. आज सगळ्यांनी मिळून तुझं वावर लावायचं, उद्या माझं. मजुरी कुणी कुणाला देत नाही. हाताची फेड हातानेच करायची, हीच सावड. ती कुणाच्या घराला कधी जायची, हे किसनतात्या ठरवायचे.

दुसऱ्याच उन्हाळ्यात दत्तू तापाने गेला. नगरला नेईपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहवत नाही. दोन बायका एका घरात, एकमेकींसमोर रडायला लाजणाऱ्या. एक चुलीपाशी रडायची, एक गोठ्यात. मूलबाळ नव्हतं. लुझचा भाऊ रोज फोन करायचा, परत ये म्हणून. वाडीनेही धरूनच चाललं होतं की ही आता जाणार. प्रश्न हौसाबाईंचा होता. त्या वावराला तरी कोण बघणार आणि त्यांना तरी कोण?

पाऊस लागला तसे किसनतात्या आमच्या अंगणात आले आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. "हौसा, यंदा तुजं घर सावडीतून सोडावं म्हंतो. बैल इकली. गडी न्हाई. तुजे गुडघे असे. आन ही पोर तर राब इजवनारी. तुजी सावड फिटायची कशी?"

यात दुष्टपणा नव्हता. घेतलेले हात परत देता येणार नाहीत, त्या घराला सावडीत ठेवलं तर उद्या बाकीचे कुरकुरणार. पण आवणीच्या दिवसांत डोंगरात मजूर शोधून मिळत नाही. सावडीतून सुटणं म्हणजे वावर पडीक राहणं. तात्या गेल्यावर हौसाबाई लुझला म्हणाल्या, "तू जा तुज्या आईकडं. वावर पडलं तर पडलं. मी बगीन माजं."

लुझ भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "आदी भात लावू. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी पहिली गाडी घेऊन निघाले. वळणावर तात्यांचं वावर रस्त्याला लागूनच आहे. तिथे आवणीची ओळ लागली होती, आणि ओळीच्या टोकाला, जिथे डोंगराचं पाणी खाचरात उतरतं त्या कोपऱ्यात, दत्तूची जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लुझ उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकललंही नव्हतं. ती आपली वाकून तिच्या गावच्या रीतीने एकेक-दोनदोन काड्या लावत मागे सरकत होती. परतीच्या फेरीला बायका सांगत होत्या, हात बघा कसा चालतो हिचा.

त्याच रात्री पाऊस कोसळला आणि लुझने लावलेलं सगळं वाहून गेलं. तिच्या गावात सपाटी. पाणी येतं आणि उभं राहतं. आमच्या डोंगरात ते धावतं, त्याच्यापुढे दोन काड्यांचा काय टिकाव लागणार? बाकीच्यांनी लावलेल्या रोपाच्या जाड मुठी जागच्या जागी आणि तेवढा कोपरा मोकळा. सकाळी तात्या राजूरला निघाले होते. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बगा, मेयरच्या गावची आवनी." गाडी हसली. मलाही हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

दुपारी तात्या माझ्याच गाडीने परत येत होते. वळणावर आलो तर त्यांच्या वावरात एकटी लुझ. बाकीचे त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात गेले होते. तिने पाणी उतरतं तिथे दगड मांडून त्याचा जोर तोडला होता आणि इथल्यासारख्या जाड मुठी करून कोपरा पुन्हा लावत होती. रोप कुठलं? बांधावर हौसाबाईंची पाटी दिसत होती. स्वतःच्या राबातलं, स्वतःच्या वावरासाठीचं रोप उपटून तिने आणलं होतं.

"गाडी थांबवा," तात्या म्हणाले. थांबा नसताना त्यांनी गाडी थांबवायला लावल्याचं मला आठवत नाही. ते उतरून बांधावर जाऊन उभे राहिले. लुझने मान वर केली नाही. पॅसेंजर कलकलायला लागले म्हणून मला घंटी द्यावी लागली, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं, झालं की नाही, हे मला कळलं नाही.

संध्याकाळी तात्या अंगणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. "हौसा, परवा बैल घेऊन येतो. तुजं वावर चिखलून देतो. रोप कमी पडंल, ते माज्यातलं घे."

हौसाबाई आत गेल्या आणि त्यांनी चहा टाकला.

तेव्हापासून तो कोपरा लुझचा झाला. दर वर्षी तात्यांच्या वावरात ओळ लागली की ती न सांगता तिथे जाऊन उभी राहायची. आणि तिच्यामुळे आवणीही बदलली. तिच्या गावात म्हणे लावणीला गिटारवाला बांधावर बसतो आणि त्याच्या तालावर ओळ मागे सरकते. गिटार इथे कुठून आणणार? तिने हौसाबाईंना बांधावर घोंगडी घालून बसवलं आणि हातात थाळी आणि पळी दिली. गुडघ्यांमुळे कितीतरी पावसाळे त्या वावरात गेल्या नव्हत्या. आता थाळीवर ताल धरायच्या आणि कुणाचा हात मागे पडला तर नाव घेऊन शिव्याही द्यायच्या. लुझ तिचं गाणं म्हणायची, बायका आपलं जोडायच्या, अर्थ कुणालाच कळायचा नाही. आता ही थाळी सावडीत धरायची की नाही? तात्यांनी बऱ्याच विचाराने हौसाबाईंना अर्धी बाई धरलं. हौसाबाई त्यावर खूष होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बसून काम मिळालंय, म्हणायच्या.

भात लावून झाला की लुझचं 'मग बघू' यायचंच. मग तण काढायची बेणणी निघायची, मग कापणी, मग झोडणी. बघायचं राहूनच जायचं.

मागच्या पावसाळ्यात हौसाबाईंच्या राबाचं रोप सगळ्यांच्या आधी तयार झालं, म्हणून सावड आधी त्यांच्याच वावरात आली. वावर लावून झालं आणि दोन दिवसांत लुझच्या भावाचा फोन आला. सान इसिद्रोत वादळ होऊन गेलं होतं. घराचे पत्रे उडाले होते, पळापळीत आई पडली होती, आणि भाऊ स्वतः परदेशात बोटीवर नोकरीला. जाणं भाग होतं, आणि तेही लगेच.

वाडीतल्या बाकी सगळ्यांची वावरं लावायची राहिली होती. तोंडावर कुणी बोललं नाही, पण विहिरीवर बोलणं झालंच. आपलं लावून घेतलं आणि निघाली. आता कशाला येतीय ती? हौसाबाईंनी ते ऐकलं होतं. रात्री त्यांनी काळभाताचे, म्हणजे इथल्या वासाच्या भाताचे, तांदूळ निवडून एका पिशवीत बांधले, विहीणबाईंसाठी. ज्या देशात भाताशिवाय दुसरं काही दिसत नाही तिथे तांदूळ पाठवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. विमानात नेऊ देतात का, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं.

सकाळी मी गाडीच्या दारात उभी होते. लुझने चप्पल घातली तसा हौसाबाईंनी हात पुढे केला. तिने तो कपाळाला लावला आणि लवकर सोडला नाही.

"येशील ना गं?"

लुझने भुवया उडवल्या.

इतकी वर्षं त्या भुवयांना हो समजणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "आसं नगं. तोंडानं बोल."

 लुझचे डोळे भरले होते. तिने पुन्हा भुवया उडवल्या. ती गाडीत चढली तशी मी तोंड फिरवून दोरी ओढली.

नंतरचे दिवस आवणीच्या धांदलीत गेले. तिकडे फोनला रेंज नव्हती. कधीतरी एखादा मेसेज यायचा, पत्रे बसवतोय, आई बरा आहे. हौसाबाई थाळी घेऊन ज्याच्या त्याच्या बांधावर जाऊन बसायच्या. अर्धी का होईना, घराची सावड चालू ठेवत होत्या. शेवटी तात्यांचं वावर राहिलं. ते एका दिवसात लावून झालं, फक्त तो कोपरा सोडून. तिथे नुसतं गढूळ पाणी, आणि बांधाला रोपाच्या मुठी पाण्यात उभ्या करून ठेवलेल्या. येता-जाता लोक म्हणायचे, तात्या, रोप म्हातारं झालं, लावून टाका की. तात्या रस्त्याकडे बघायचे. "तो कोपरा माजा न्हाई," एवढंच म्हणायचे.

मी रोज गाडीतून तो कोपरा बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ती येणार नाही. आई आहे, घंटा आहे, स्वतःची भाषा आहे. माझी स्वतःची काष्टीकडे बदली मागून झालेली होती, मी कुणाला काय बोलणार? पुढच्याच महिन्यात मी तिथून निघाले, ती कायमचीच.

पण त्याआधीची एक दुपार. राजूरच्या स्टँडवर पावसात गाडी लागली होती. मागच्या बाकावर जीन्स घातलेली एक बाई ट्रॉलीबॅग कवटाळून झोपली होती. मी जवळ गेले. तिने एक डोळा उघडला.

"जांभळदरा?" मी विचारलं. 

तिने भुवया उडवल्या.

वाटेत तिने सांगितलं, पत्रे बसले, आई बहिणीकडे राहायला गेली, चालतेही आहे. "आई म्हनाला, जा तू. भात थांबत न्हाई." मग पुन्हा तिचा डोळा लागला. वळण आलं तशी तिला कशी जाग आली देव जाणे. खिडकीची काच पुसून तिने बघितलं. सगळं वावर हिरवं, आणि पाणी उतरतं तिथे तेवढा कोपरा मोकळा.  माझ्याकडे वळून तिने ओठ पुढे काढले आणि तिकडे दाखवलं.

तिथे थांबा नाही. मी एकदाच घंटी दिली आणि गाडी थांबली. तिने बॅग माझ्या पायाशी सरकवली, जीन्स दुमडली, बूट हातात घेतले आणि उतरली. पलीकडच्या खाचरात तात्या बांध नीट करत होते. त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा फावडं चालवायला लागले. लुझने बांधालगतची पहिली मूठ उचलली, तिची गाठ सोडली आणि वाकली. मी दोनदा घंटी दिली. मागच्या काचेतून ती चिखलात मागे सरकताना दिसत होती, मग झाडं आली.

वाडीत हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या हातातली बॅग बघून त्या उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवायचंही विसरल्या.

"कुठंय?"

 मी ओठ पुढे काढले आणि खाली तात्यांच्या वावराकडे दाखवलं.

हौसाबाईंनी तिकडे बघितलं. मग माझ्या हातातून बॅग घेतली, ओढत आत नेली, आणि भाताला तांदूळ धुवायला घेतले.